चार हात बत्ती

रविवार, १ मार्च १९३६. इंदापूर

वही नवी नाही. परीक्षेच्या पेपरांची उरलेली कोरी पानं मीच शिवून घेतली आहेत, तेव्हा वाया गेली तरी हळहळ नको. लिहायला बसले कारण आज मी एक धाडस केलं. कुणाला सांगावं तर घरात मी एकटी.

धाडस असं की ऐन बाजाराच्या दिवशी शाळेच्या ओट्यावर पाटी घेऊन बसले. आमच्या मुलींच्या शाळेत घरोघर जाऊन पोरींना बोलावून आणायला द्वारकाबाई आहे. ती आठवडाभर बाजारात सांगत सुटली होती, "आमच्या धाकट्या बाई कसलंबी गणित सोडवत्यात. पैका न्हाय, काय न्हाय. या आन् इच्चारा." मोठ्या बाईंना विचारलं तर म्हणाल्या, "बसा. पण शाळा तपासायला येणाऱ्या दिपोटींच्या कानावर गेलं तर मला यातलं काही माहीत नाही." म्हणजे फासावर मी एकटीच.

पहिला आला कळंबचा रामहरी. तिघा भावांत कालव्याचं अठरा तासांचं पाणी, जमीन चार, तीन आणि दोन एकर, आणि दर पाळीला मारामारी. मी आठ, सहा आणि चार तास सांगितले. त्यानं तीन खडे मांडून पुन्हा पुन्हा ताळा पाहिला आणि खुश होऊन गेला. मग फुलाबाई नावाची म्हातारी. मोठ्या दुष्काळात ती रांगत होती, तर आता वय किती? मी म्हटलं, साठ. "येवढं? न्हाय बाई, नीट करा," म्हणाली. मी नीट केलं, पुन्हा साठच आलं, तशी रागावून उठून गेली.

मला लहानपणापासून भित्री म्हणतात आणि ते खरंच आहे. पालीला भिते, दिपोटींना भिते, आनंददादाच्या पत्राला भिते. फक्त आकड्यांना भीत नाही. आकडे कधी उलटून बोलत नाहीत.

शुक्रवार, ६ मार्च

बारामतीहून दादाचं पत्र. बाजारात बसल्याची बातमी तिथवर गेली, पाच दिवसांत! लिहितो, "तुझे यजमान गेल्यावर तुला पुण्यास ठेवून शिकवले ते चार लोकांत नाव राखण्यासाठी. विधवा बाईने बाजाराच्या तोंडावर बसू नये." उत्तर लिहायला घेतलं आणि तीनदा फाडलं.

रविवार, ८ मार्च

धुळवडीमुळे बाजार पातळ. अंगावर कुणी चिखल टाकील म्हणून मी ओट्याच्या आतल्या कोपऱ्यात बसले होते. तिथं द्वारकाबाई एका बाईला घेऊन आली. कुशाबाई, द्वारकाबाईच्या माहेरची, कऱ्हाटीची. माझ्याच वयाची असेल. तिनं ओटीतून काळ्या दोरीचं भेंडोळं काढून माझ्या पाटीवर ठेवलं.

"बाई, येवढी दोरी किती येळ जळंल?"

मला वाटलं थट्टा करते. मग सगळं कळलं. इथून अर्ध्या कोसावर सर्जेरावांच्या मोसंबीच्या मळ्यात विहीर खणताहेत. खाली काळा पाषाण. कुशाबाईचा नवरा गेणबा सुरुंग लावतो. ही दोरी म्हणजे सुरुंगाची बत्ती. ती पेटवायची, टोपल्यात बसायचं, दोर हलवायचा, की वरून रहाट फिरवून त्याला ओढून घ्यायचं. रहाटाला दोन दांडे. एक कुशाबाई धरते, दुसरा तिची नणंद सारजा.

"बत्ती तीन हात. त्येंच्या चुलत्यानं शिकिवलं तवापासनं तीनच. पर हीर तर रोज खाली चाललीया न्हवं? आदी दोन इसा मोजूस्तवर वर येत हुते. आता तीन इसा नि धा हुत्यात. परवा पाय भाईर टाकला आन् बार झाला. धोंडा पटक्याला चाटून ग्येला."

"मग बत्ती वाढवा म्हणावं."

"बाईमानसाचा हिशेब कोण ऐकतंय? आन् आता सर्जेराव म्हन्त्यात, तिनाच्या जागी पाच सुरुंग लावा. पावसाच्या आत पानी लागाय पायजे." तिनं माझ्याकडे सरळ पाहिलं. "शाळंचा हिशेब ऐकत्याल. तुमी काडा. कागदावर काडा."

मी हो म्हणून बसले. आता दिवेलागण झाली आहे आणि ते भेंडोळं समोर ठेवून बसले आहे. फुलाबाईचं वय चुकलं असतं तर ती रागावली असती, इतकंच. हे चुकलं तर माणूस जाईल.

सोमवार, ९ मार्च

नाही म्हणून निरोप पाठवावा असं सकाळी ठरवलं. द्वारकाबाई म्हणाली, "मग तिनं कुनाला इच्चारायचं?" निरोप पाठवला नाही.

बुधवार, ११ मार्च

शाळा सुटल्यावर मागच्या अंगणात बत्ती जाळली. फूटपट्टीनं बरोबर अठरा इंच, म्हणजे एक हात, असे तीन तुकडे कापले. वडिलांच्या खिशातल्या घड्याळाला सेकंदकाटा आहे. द्वारकाबाईनं काडी लावली आणि लांब जाऊन कानात बोटं घातली, जसं काही शाळाच उडणार होती. मीही भिंतीला चिकटूनच घड्याळ पाहत होते. पहिला तुकडा चव्वेचाळीस सेकंद, दुसरा शेहेचाळीस, तिसरा पंचेचाळीस. म्हणजे हाताला पाऊण मिनिट. आकडे इतके सरळ आले की जरा धीर आला.

शनिवार, १४ मार्च

सकाळची शाळा करून द्वारकाबाईबरोबर विहिरीवर गेले. आठ परस खोल आहे. एक उभा माणूस म्हणजे एक परस, असं हे लोक मोजतात. काठाशी जाऊन वाकून बघण्याची छाती झाली नाही. दोघी नणंदा-भावजयांनी माणसाच्या वजनाचे दगड टोपल्यात घालून वर ओढले आणि मी घड्याळ धरलं. नेमके शंभर सेकंद.

गेणबा तेवढ्यात बाजूला येऊन उभा राहिला. परपुरुषाकडे मान वर करून बघायची मला सवय नाही आणि लोकही बघत होते. मला त्याचे पाय दिसले, घोट्यापर्यंत दगडाच्या पिठानं पांढरे. एक बत्ती पेटवायला किती वेळ, वर आल्यावर ढिगाऱ्याआड पळायला किती, हे सगळं मी त्या पायांनाच विचारलं. उत्तरं मात्र चोख मिळाली.

रविवार, १५ मार्च

हिशेब झाला. तीनदा ताळा पाहिला. पाच बत्त्या पेटवायला चाळीस सेकंद, टोपल्यात बसून दोर हलवायला दहा, वर यायला शंभर, पळायला वीस. एकूण एकशे सत्तर. पहिली पेटवलेली बत्ती तेवढी तरी जळायला हवी. तीन हात पुरत नाहीत. चार हात म्हणजे एकशे ऐंशी. दहा सेकंद पदरात उरतात.

दुपारी गेणबा स्वतः ओट्यावर आला. कुशाबाई मागं. मी कागद वाचून दाखवला आणि भीत भीत म्हटलं, साडेचार हातच घ्यावी.

"चारात भागतंय न्हवं?"

"भागतंय. पण..."

"मग चारच. खाली पाझर लागलाय, बाई. लांब बत्ती वल्या दगडावर पडली की इझती. आन् इझल्याली बत्ती बगाया जायाचं म्हंजी..." त्यानं घोंगडी सावरली. मग म्हणाला, "चार हात. ध्येनात ऱ्हाईल. मापायचं काम माजं."

कुशाबाईला मी सांगितलं, दोर हलल्यापासून एकशे तीस, म्हणजे तिच्या भाषेत सहा विसा आणि दहा, मोजेपर्यंत बार होणार नाही. द्वारकाबाईनं गेणबाला गूळपाण्याची वाटी दिली. उन्हातान्हाचा खांद्यावर घोंगडी घेऊन बसलेला, आणि वाटी घेतली ती सरळ डाव्या हातानं! शिकवणारं कुणी नसलं की असं होतं. तिसरीतल्या पोरींनासुद्धा मी यासाठी छडी दाखवते. पण माणूस साधा आहे, आणि माझा हिशेब त्यानं ऐकला.

रात्री दादाला पत्र लिहून टाकलं. बाजाराच्या दिवशी बसणार आहे म्हणून.

मंगळवार, १७ मार्च

बाराच्या ठोक्याला बार ऐकू येतात. काल पाच मोजले, आज पाच. मोठ्या बाई दचकतात. मी खडू हातात धरून मनात म्हणते, चार हात. या गावात माझ्या आकड्यावर एक माणूस रोज जिवंत वर येतो आहे, आणि हे फक्त मला माहीत आहे. असा गर्व बरा नाही हे कळतं, पण वाटतो खरा.

गुरुवार, १९ मार्च

उद्या दिपोटी येणार. भिंती सारवल्या, नकाशे टांगले. मला कायम करायचं की नाही हे त्यांच्या शेऱ्यावर आहे.

त्या धांदलीत द्वारकाबाई कुशाबाईचा निरोप घेऊन आली. "ती म्हन्ती, बार लवकर हुतोय. तुमी सांगितल्याली मोजनी पुरी हुईत न्हाय. तिचंच मोजनं चुकतंय का, इच्चार म्हनली."

मी कागद काढून पुन्हा सगळा ताळा केला. कुठेही चूक नाही. मग हसूच आलं. म्हटलं, "तिला सांग, हिशेब अगदी बरोबर आहे. भीतीनं माणूस भरभर मोजतं. सावकाश मोज म्हणावं." भ्यालेलं माणूस मला बरोबर ओळखू येतं, त्यातच माझा जन्म गेला.

शुक्रवार, २० मार्च

जे झालं ते झालं तसं लिहिते. माझ्या बाजूनं काही लिहीत नाही.

दिपोटी साहेब अकराला आले. माणूस हसतमुख, त्यामुळे जास्तच भीती वाटली. पहिली-दुसरीचे पाढे झाले. मग तिसरीला म्हणाले, "ही भिंत किती हात लांब आहे, दोघींनी मापून सांगा." रतन आणि विनया उठल्या. रतनचे बावीस हात भरले, विनयाचे अठरा. वर्ग हसला. साहेबांनी विचारलं, "खरं कुणाचं?" विनया म्हणाली, "दोघींचं खरं, साहेब. रतनचा हात आखूड आहे."

साहेब खुश झाले. मला मात्र तो कागद आठवला. मी गेणबाला चार हात सांगितले. कुणाचे, ते सांगितलंच नाही. मग मनाला समजावलं की थोराड पुरुषाचा हात तो, अठरा इंचांत एखाद्या बोटाचा फरक पडेल, आणि पदरात दहा सेकंद आहेत. तेवढ्यात द्वारकाबाई साहेबांसाठी पाण्याचा तांब्या घेऊन दाराशी आली. मी तिला हळूच विचारलं, "गेणबाचा हात केवढा गं?"

"कंचा? उजव्याला बोटं कुटं हायती? दोन सालामागं सुरुंगातच ग्येली. आंगठा तेवडा ऱ्हायलाय."

"मग मापतो कशानं?"

"उजव्यानंच की. कोपरापासनं मुटीपत्तूर." तिनं मलाच वेड्यात काढल्यासारखं पाहिलं. "डाव्या हातानं माप घेत असत्यात व्हय? आवलक्षान हाय त्ये."

मुंडा हात. असतील तेरा, साडेतेरा इंच. त्याचे चार म्हणजे आपले तीन. तीन पाऊण मिनिटं म्हणजे एकशे पस्तीस सेकंद, आणि लागतात एकशे सत्तर. माझं डोकं अशा वेळीसुद्धा आकडे भराभर देतं. पस्तीस सेकंद कमी. एकशे पस्तिसाव्या सेकंदाला तो माणूस अजून विहिरीतच लोंबकळत असणार. सोमवारपासून रोज. मग चार दिवस तो वर आला कसा, हे काही केल्या सुटेना.

भिंतीवरच्या घड्याळात पावणेबारा झाले होते. पंधरा मिनिटं आणि अर्धा कोस. धावत सुटले असते तर पोचले असते. हा हिशेबही मी उभ्या उभ्या केला आणि तशीच उभी राहिले. साहेब म्हणत होते, "हं, आता चौथीची तोंडी उदाहरणं तुम्ही घ्या पाहू." मी द्वारकाबाईला म्हटलं, "पळ. गेणबाला खाली उतरू देऊ नको." तिचे गुडघे दुखतात, माडीवरच्या वर्गाचा जिना ती एकेक पायरी बसून उतरते, हे मला ठाऊक होतं. ठाऊक असून मी तिला पाठवलं, कारण दिपोटींसमोरून उठून जायची मला भीती वाटली. दुसरं कारण नाही.

मी मुलींना हौदाचं उदाहरण घातलं. एक तोटी सहा तासांत हौद भरते, दुसरी तीन तासांत, दोन्ही सोडल्या तर किती वेळात? पोरी बोटांवर मोजत होत्या तेवढ्यात बार झाले. तिसऱ्या बारानंतर माझं मोजणं थांबलं. साहेबांनी विचारलं, "हे काय?" मी म्हटलं, "विहीर खणतायत, साहेब." माझा आवाज अगदी नेहमीसारखा होता. विनयाचं उत्तर आलं, दोन तास. मी म्हटलं, शाबास.

साहेब दोनला गेले. शेरा लिहिला, "धाकट्या शिक्षिका गणित उत्तम शिकवितात."

मी डोक्यावरचा पदर सावरायलासुद्धा थांबले नाही. बाजारपेठेतून धावत गेले, लोक बघत होते. निम्म्या वाटेवर द्वारकाबाई बांधावर गुडघे धरून बसली होती. "माजं पायच चालंनात, बाई," म्हणून रडायला लागली. म्हणजे तीसुद्धा पोचली नव्हती. तिथून मळ्यापर्यंतची वाट मला आठवत नाही.

गेणबा जिवंत होता. लिंबाखाली बसला होता, अंगभर धूळ, एका कानातून रक्ताचा ओघळ. टोपलं काठाला लागलं आणि बार झाला. कुशाबाईनं त्याला दंडाला धरून बाहेर खेचलं म्हणून वाचला. पण सारजा दांड्याजवळ उभी होती, एक धोंडा तिच्या नडगीवर बसला. हाड मोडलं. गाडीत घालून तिला दवाखान्यात नेलं होतं आणि गाडी उभी होती तिथं रक्त सांडलेलं होतं.

कुशाबाईनं मला पाहिलं आणि दोन्ही तळवे पुढं केले. सगळी सालं निघालेली, खाली लालबुंद मांस.

"तुमी म्हनला व्हता सावकाश मोज. मी सावकाश मोजलं, बाई. तरीबी बार आदीच हुयाचा. मग मला वाटलं, हिशेब शाळंचा हाय, त्यो चुकायचा न्हाय. आमचंच हात ढिलं पडत असत्याल. म्हून आमी दोगी रोज जोर लावत ग्येलो."

चार दिवस तो वर कसा आला, याचं उत्तर हे होतं. माझी कमी पडलेली सेकंदं या दोघी आपल्या हातांनी भरून काढत होत्या, आणि मी खडू हातात धरून बार मोजत होते.

तिथंच मातीत बसून मी गेणबाला सगळं सांगितलं. चूक माझी आहे, हेही सांगितलं. त्याला आता एका कानानं ऐकू येत नाही आणि दुसऱ्यात नुसतं घुमतं, म्हणून दोनदा ओरडून सांगावं लागलं. तो रागावला असता तर बरं झालं असतं. त्यानं आपल्या तुटक्या हाताकडे पाहिलं आणि म्हणाला, "आसं व्हय. म्हंजी मी तीन हातावरच व्हतो की."

शनिवार, २१ मार्च

पहाटे फूटपट्टीनं चार हात सुतळी मापून ठेवली. या माणसाला आता आकडा सांगायचा नाही, सुतळी द्यायची. शाळा सुटली तशी घेऊन गेले. सारजेचा पाय लाकडाच्या पट्ट्यांत बांधला आहे. चालेल की नाही ते डॉक्टरांनी सांगितलं नाही.

मळ्यात सगळे खोळंबले होते. सकाळी माणसांनी भोकं पाडून दिली होती, गेणबानं दारू ठासून पाच सुरुंग भरले होते, बत्त्या तेवढ्या लावायच्या होत्या, आणि आता दुसरा दांडा धरायला कुणी तयार नव्हतं. सर्जेराव स्वतः आले होते. पागोटं काढून घाम पुसत म्हणाले, "माझा गडी धरील की. हाय काय त्यात."

"तुमचा गडी काल पयल्या बाराला पळाला," गेणबा म्हणाला. "त्येच्या हातात दांडा आसता तर मी तळाला ग्येलो आसतो. वर कोन हाय त्येच्या भरवशावर मी उतरतो, सर्जेराव."

"मग तसंच ठेवा उद्यापर्यंत."

"दारू सर्द हुती. मग त्ये उकरायचं कुनी?"

मी सुतळी गेणबाच्या डाव्या हातात दिली आणि निघायला वळले. खरंच वळले होते. तेव्हा कुशाबाई म्हणाली, "बाई धरत्याल."

तळव्यांना तिनं फडकी बांधली होती. आवाजात राग नव्हता. "ज्येनं हिशेब क्येला त्येनं दांडा धरावा. बाई न्हाय सोडायच्या."

मी नाही म्हणणार होते. नाही म्हणायला तोंड उघडलं आणि म्हटलं, "आधी दगड घालून ओढून बघू. मी किती सावकाश आहे ते कळायला हवं."

शंभराच्या जागी एकशे चाळीस सेकंद लागले. बाकीचे सत्तर मिळवून दोनशे दहा. चार हातांत बसत नाही. पाच हात, पुरते अठरा इंची, म्हणजे दोनशे पंचवीस. पदरात पंधरा. मी सुतळीला पाचवा हात जोडला. गेणबा ओल्या दगडाचं पुन्हा बोलला, मग कुशाबाईच्या फडक्यांकडे बघून सुतळीच्या मापानं बत्त्या कापायला बसला. जाताना म्हणाला, "मला बार येगळं ऐकू याचं न्हाईत. पाच झालं का, त्ये तुमी मोजा." आणि टोपल्यात बसला.

दोर हलला तेव्हा मी घड्याळ कमरेला खोचलं होतं, ते बघायला सवडच मिळाली नाही. दांडा वर येताना अंगावर येतो आणि खाली जाताना खांदे ओढून नेतो. दहा-बारा फेऱ्यांत तळवे पेटले. समोरून कुशाबाई एकसारखी म्हणत होती, "सोडू नका, सोडू नका." मी रडत होते. लाज वाटत नव्हती. एकदा माझी पकड सरकली आणि सगळा भार तिच्यावर गेला. ती ओरडली आणि मी पुन्हा धरलं. मग काठाशी धुळीनं माखलेलं डोकं दिसलं. या माणसाच्या तोंडाकडे मी प्रथमच सरळ पाहिलं.

आम्ही तिघं ढिगाऱ्याआड पडलो. माझं नाक मातीत होतं. पहिला बार झाला, एक. दुसरा फार मोठा झाला, जमीन हलली. मग तिसरा. मग चौथा. मग नुसती दगडांची खडखड आणि नंतर काही नाही.

सर्जेराव लिंबाखालून ओरडले, "झाले पाच! उतरा आता, दगड काढायला माणसं सोडा." गेणबा उठून उभा राहिला आणि माझ्याकडे बघायला लागला. कुशाबाईनं विचारलं, "बाई, पाच झालं न्हवं?"

दुसरा बार दोन सुरुंगांचा मिळून असेल का? तसं असेल तर पाच. नसेल तर चार. मी आठवून आठवून पाहिलं. तो इतका मोठा का वाटला, की मी भ्याले होते म्हणून वाटला? सगळे लिंबाखालून माझ्याकडे बघत होते. पाच म्हणायला मला काहीच लागत नव्हतं. सगळ्यांना पाचच हवे होते. मुलींना बेरीज शिकवणाऱ्या बाईला पाचपर्यंत मोजता आलं नाही, हे कोणत्या तोंडानं सांगायचं?

"मला माहीत नाही," मी म्हटलं. गेणबाला ऐकू गेलं नाही, म्हणून पुन्हा ओरडून म्हटलं, "मला माहीत नाही! चार असतील! उतरू नका!"

सर्जेराव काहीतरी चिडून बोलले. एक-दोघं हसले. गेणबानं पाऊल उचललं होतं ते खाली ठेवलं आणि परत येऊन आमच्याशेजारी बसला. कुशाबाईनं त्याच्या धोतराचा सोगा मुठीत धरला. माझ्या तळव्यांतून पाणी गळत होतं आणि ऊन चढत होतं. किती वेळ गेला सांगता येत नाही. सर्जेराव पागोटं डोक्यावर ठेवून विहिरीकडे चालायला लागले होते, त्यांची दहा-बारा पावलं झाली असतील.

तेवढ्यात पाचवा उडाला. तेव्हा विहिरीत कुणी नव्हतं.